चिमट्यापासून शॉकअपपर्यंत

सायकलच्या दुकानात पुढच्या चाकाला धरणाऱ्या दोन पायांच्या भागाला 'चिमटा' म्हणतात. मोटरसायकलच्या गॅरेजात त्याच जागी जे असतं त्याला 'शॉकअप' म्हणतात. शॉक ॲब्सॉर्बर हे लांबलचक प्रकरण मिस्त्री लोकांनी छाटून खिशात मावेल एवढं केलं. या दोन शब्दांच्या मधे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. आणि गंमत म्हणजे तुमच्या गाडीचा शॉकअप कडक झाला, की तो इतिहास उलटा चालू लागतो. तेल काम करेनासं होतं, मग स्प्रिंग काम करेनाशी होते, आणि शेवटी हातात उरतो तो नुसता चिमटा. खड्डा चाकातून थेट मनगटात!

हा विषय डोक्यात आला तो धारणीमुळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धारणी म्हणजे अमरावती जिल्ह्याचं वरचं टोक, मेळघाटातला तालुका, पलीकडे मध्य प्रदेश. अमरावतीहून दीडशेच्या आसपास किलोमीटर. परतवाडा सोडलं की घटांग, सेमाडोह, हरिसाल करत रस्ता जंगलातून जातो. मेळघाट हा १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, त्यामुळे इथे रस्ता रुंद करायचा म्हटलं तरी परवानग्यांची रांग. अकोला-खांडवा मीटरगेज गाडी तालुक्यातल्या धुळघाटावरून जायची, ती २०१७ पासून बंद आहे. डॉ. रवींद्र कोल्हे १९८० च्या दशकात बैरागडला काम करायला गेले तेव्हा सुमारे ४० किलोमीटर पायी चालावं लागायचं, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे (कोल्हे पतीपत्नींना २०१९ साली पद्मश्री मिळाली). त्या पायी चालण्याची जागा नंतर घेतली ती मोटरसायकलनेच. मास्तर, नर्स, ग्रामसेवक, दूधवाला, सगळे दोन चाकांवर. अशा ठिकाणी पुढचा शॉकअप ही चैनीची वस्तू नाही. तो बिघडला तर माणूस एखाद्या गावाला जायचं टाळतो, आणि टाळलं की ते गाव आणखी लांब जातं.

आता इतिहास. जरा धीर धरा, गाडीकडे येतोच.

सुरुवातीच्या मोटरसायकली म्हणजे इंजिन लावलेल्या सायकलीच होत्या. रेडिचच्या रॉयल एनफिल्डने १९०१ मध्ये पहिली मोटरसायकल काढली त्या काळात चिमटा हा चिमटाच होता, सरळ लोखंडी. धक्का खाणारा भाग एकच, हवेचा टायर. तो जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये आणून ठेवला होता म्हणून बरं. पण वेग वाढला तसा टायर पुरेना. मग लोकांनी स्प्रिंग लावायला सुरुवात केली. आल्फ्रेड स्कॉट नावाच्या इंग्रज इंजिनीअरने १९०८ च्या सुमारास आपल्या गाडीला एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा लावला. म्हणजे आजच्या टेलिस्कोपिक शॉकअपचा आजोबाच! फक्त त्यात धक्का शांत करायची सोय, ज्याला आपण डॅम्पिंग म्हणतो, ती नव्हती.

डॅम्पिंग नसलं तर काय होतं? स्प्रिंग दबते, परत येते, पुन्हा दबते... माकडासारखी नाचत राहते. स्प्रिंग धक्का खात नाही, नुसती उधार ठेवते आणि लगेच परत करते. ती उधारी कुठेतरी उष्णतेच्या रूपाने जाळावी लागते. पुढची तीसेक वर्षं हे काम घर्षणाने केलं. तेव्हाच्या 'गर्डर' चिमट्यात मधे एक मोठी स्प्रिंग, वरखाली छोट्या दांड्या, आणि सांध्यावर घासणाऱ्या चकत्या असायच्या. बाजूला हाताने फिरवायची एक मूठ. रस्ता खराब असेल तर मूठ आवळा, चांगला असेल तर सैल करा.

पण घर्षणात एक मूलभूत गोची आहे. चकत्यांचं घर्षण हालचाल सुरू व्हायच्या आधी सगळ्यात जास्त असतं आणि हालचाल सुरू झाल्यावर कमी होतं. नेमकं उलटं! बारीक खडीवर चिमटा हलतच नाही, आणि मोठ्या खड्ड्यात धाडकन सुटतो. ह्या अडकून सुटण्याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे 'स्टिक्शन'. हा शब्द लक्षात ठेवा, धारणीत परत भेटणार आहे.

१९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर-१२ आणि आर-१७ या गाड्यांवर तेलाने डॅम्पिंग करणारा टेलिस्कोपिक शॉकअप आणला. तेल बारीक भोकातून ढकलायचं. हळू ढकललं तर ते मुकाट्याने जातं, जोरात ढकललं तर विरोध करतं. म्हणजे बारीक हालचालीला मोकळीक, मोठ्या धक्क्याला लगाम. घर्षणाच्या बरोबर उलटा स्वभाव, आणि आपल्याला तोच हवा होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, इंग्लंडच्या मॅचलेसने जी-३/एल या लष्करी गाडीवर 'टेलिड्रॉलिक' नावाने तसाच शॉकअप लावला. युद्ध संपलं आणि काही वर्षांत बहुतेक ब्रिटिश कंपन्यांनी गर्डरला रामराम ठोकला. चिमट्याचा शॉकअप झाला तो असा.

आपल्याकडे हा शॉकअप आयता आला. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली, बुलेटला टेलिस्कोपिक होता. १९६०-६१ च्या सुमारास म्हैसूरला आयडियल जावा सुरू झाली, जावाला आणि पुढे येझदीला टेलिस्कोपिक होता. पण १९६२ पासून एस्कॉर्ट्सने काढलेली राजदूत मात्र वेगळी. ती पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून घेतलेली, आणि तिचा पुढचा भाग 'अर्ल्स' पद्धतीचा. चाक एका आडव्या दांडीवर, ती दांडी मागे खिळीवर फिरते, आणि बाजूला दोन स्वतंत्र शॉकअप, मागच्या चाकाला असतात तसे. जुनी राजदूत पाहिली असेल तर तो धिप्पाड पुढचा भाग आठवेल. बजाजची स्कूटरही टेलिस्कोपिक नव्हतीच. व्हेस्पाच्या वंशातली असल्यामुळे एका बाजूने दांडी, त्यावर चाक.

राजदूतचा तो भाग म्हणजे मागासलेपणा असं कोणाला वाटेल. तर ऐका. ज्या बीएमडब्ल्यूने तेलाचा टेलिस्कोपिक बाजारात आणला, तिनेच १९५५ मध्ये तो काढून टाकून अर्ल्स चिमटा लावला! १९६९ मध्ये परत टेलिस्कोपिकवर आली. आणि १९९३ मध्ये आर-११०० आरएसवर 'टेलिलिव्हर' आणला, ज्यात नळ्या नुसत्या चाकाला दिशा देतात आणि स्प्रिंग व डॅम्पिंगचं काम वेगळ्या शॉकअपकडे असतं. साठ वर्षांत हो, नाही, हो, थोडंसं. एवढ्या हुशार लोकांची अशी उलटापालट का व्हावी?

कारण टेलिस्कोपिकमध्ये एक जन्मजात दोष आहे. त्या एका नळीवर आपण चार कामं लादलीत. तिने चाक धरायचं, हॅण्डलबरोबर वळायचं, स्प्रिंग पोटात ठेवायची आणि तेल कोंडायचं. शिवाय ती तिरकी असते. खड्ड्याचा धक्का सरळ नळीच्या दिशेने येत नाही, थोडा मागे ढकलत येतो. नळी वाकायला बघते आणि त्याच क्षणी तिने सरकावं अशी आपली अपेक्षा. घरातला अडकणारा ड्रॉवर आठवा. मधे धरून ओढला तर येतो, एका कोपऱ्याला धरून ओढला तर तिरका होऊन रुततो. शॉकअपचं तसंच. अर्ल्समध्ये सरकायचं काही नसतं, चाकाची दांडी खिळीवर फिरते, म्हणून ती रुतत नाही. पण ती जड, वळवायला सुस्त आणि बनवायला महाग. टेलिस्कोपिक हलका, स्वस्त, दिसायला सुटसुटीत. बाजार जिंकला तो त्याने.

भारतात हा विजय पक्का झाला १९८४ ते १९८६ मध्ये. इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स-१००, कावासाकी बजाज. सगळ्या १०० सीसीच्या आसपासच्या जपानी गाड्या, सगळ्या टेलिस्कोपिक. शॉकअप बनवणारेही इथलेच होते. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून होती, मुंजाल शोवा १९८५ मध्ये आली. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना झाला आणि त्याच्या आजूबाजूला पार्ट बनवणाऱ्या कंपन्या वाढल्या. त्यातलीच एन्ड्युरन्स आज पुढचे शॉकअप बनवते. म्हणजे धारणीतल्या एखाद्या गाडीचा शॉकअप मराठवाड्यातून आला असण्याची शक्यता चांगलीच. पण रचना तीच, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. नळी, स्प्रिंग, भोकं पाडलेली एक आतली दांडी आणि तेल. स्वस्त गाड्यांत आजही तेच आहे.

झालं, आलो गाडीकडे.

माझे एक मामा धारणी तालुक्यात केंद्रप्रमुख आहेत. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांना भेटी देत फिरणारा माणूस. गाडी १२५ सीसी, नाव सांगत नाही, कारण गाडीचा काही दोष नव्हता. गेल्या पावसाळ्यानंतर पुढचा शॉकअप कडक झाला. मामांची उजवी मनगटं-बोटं बधिर व्हायला लागली. दिवाळीत अमरावतीला आले तेव्हा म्हणाले, "लय झाकं मारते बाप्पा. त्या रपट्यापलीकडच्या दोन शाळा आता महिन्यातून एकदाच करतो." हे त्यांनी गाडीबद्दल सांगितलं, पण मला ऐकू आलं ते शाळांबद्दल.

दुसरी गोष्ट त्यांना नीट जाणवली नव्हती. कडक शॉकअप म्हणजे फक्त हात दुखणं नाही. चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी वरून उडी मारतं. जितका वेळ चाक हवेत, तितका वेळ ना ब्रेक ना वळण. ओल्या रपट्यावर, खाली गोटे, ते महागात पडू शकतं.

गॅरेजमध्ये दाखवलं होतं का? होतं. एका ठिकाणी (गाव, दुकान काहीच सांगत नाही) ऑईल सील बदलून तेल भरून दिलं होतं. कडकपणा त्यानंतरच वाढला होता. परत नेली तर मिस्त्रीने हॅण्डल धरून दोनदा दाबलं आणि म्हणाला, "बराबर हाय."

इथे वरचा इतिहास कामाला येतो. भोकातून तेल ढकलायला लागणारा जोर हा वेगाच्या साधारण वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट. हाताने दाबताना शॉकअप हळू सरकतो. ताशी ४० ने खड्ड्यात गेल्यावर तो कितीतरी पट वेगाने सरकायला बघतो. तेल जाड असेल तर हाताला 'बराबर' वाटणारा शॉकअप रस्त्यावर लोखंडी कांब होऊ शकतो. मिस्त्री खोटं बोलत नव्हता. तो चुकीच्या वेगाला टेस्ट घेत होता. (आमच्याकडे म्हणतात ना, माझ्या मशीनवर चालतंय. :) )

जानेवारीत दोन दिवस सुट्टी काढून धारणीला गेलो. तिथल्या एका तरुण मिस्त्रीला बरोबर घेतलं, कोरकू मुलगा, हात फार स्वच्छ. आम्ही ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि स्वस्तातली आधी. क्रम असा होता:

१. टायरमधली हवा. पुढच्या टायरमध्ये कंपनीने सांगितल्यापेक्षा बरीच जास्त होती. लोक 'टाईट बरी' म्हणून भरतात. ती नीट केली. थोडा फरक.

२. हॅण्डल कडक आहे की शॉकअप? पुढचं चाक उचलून हॅण्डल डावी-उजवीकडे फिरवलं. कुठे अडकत नव्हतं, म्हणजे वरच्या गोळ्या-वाट्या ठीक. बरेच जण या दोन तक्रारींचा घोळ घालतात.

३. पुढचा ब्रेक धरून हळूहळू दाबून पाहिलं. शॉकअप आधी हललाच नाही, मग एकदम झटका देऊन खाली गेला. हेच ते स्टिक्शन. आणि खाली जाऊन वेळेआधीच दगडासारखा थांबला. म्हणजे दुखणी दोन होती. सुरुवातीचं वेगळं, शेवटचं वेगळं.

४. सुरुवातीच्या दुखण्यासाठी चाकाच्या एक्सलचा नट थोडा ढिला केला, गाडी स्टँडवरून उतरवली, ब्रेक धरून पाच-सहा वेळा जोरात दाबली आणि मग नट पूर्ण आवळला. पंक्चर काढून चाक बसवताना दोन्ही पाय बाहेर किंवा आत ओढून आवळले गेले, तर नळ्या समांतर राहत नाहीत आणि ड्रॉवरसारख्या रुततात. फुकटचा इलाज! झटका निम्म्याने कमी झाला.

५. धुळीचं रबर वर उचललं. आत पावसाळ्यातला वाळलेला चिखल, लाल मलमासारखा. मऊ फडक्याने पुसला. नळीवर गंज किंवा ओरखडा नव्हता, नशीब. असता तर नवीन सील आठवड्यात फाटलं असतं.

६. शेवटच्या दुखण्यासाठी नळ्या उतरवल्या आणि तेल मोजून काढलं. पुस्तकात जेवढं लिहिलं होतं त्यापेक्षा दोन्हींत स्पष्ट जास्त. आणि ते शॉकअपचं तेल नव्हतंच, वासावरून आणि जाडीवरून इंजिन ऑईल.

जास्त तेलाने काय बिघडतं? नळीत तेलाच्या वर थोडी हवा कोंडलेली असते आणि ती दुसऱ्या स्प्रिंगचं काम करते. बारावीतला बॉइलचा नियम. समजा तेलावर १५ सेंटिमीटर हवा आहे आणि शॉकअप १० सेंटिमीटर दबला. हवेला जागा उरली ५, म्हणजे दाब तिप्पट. आता तेल जास्त घालून हवा १२ सेंटिमीटरच ठेवली. तेवढंच दाबलं तर उरतात २. दाब सहापट! तीन सेंटिमीटर तेलाने शेवटचा जोर दुप्पट झाला. म्हणून शॉकअप पूर्ण दबतच नाही, मधेच भिंत लागते.

ही हवेची स्प्रिंग काही नवीन शोध नाही बरं. विमानांच्या चाकांचे पाय बनवणाऱ्या डाउटी कंपनीचा 'ओलिओमॅटिक' शॉकअप महायुद्धानंतर व्हेलोसेटसारख्या गाड्यांवर होता. त्यात लोखंडी स्प्रिंगऐवजी हवाच होती. सील गळलं की मात्र गाडी बसायची. तिथे हवा मोजून ठेवलेली होती. मामांच्या गाडीत ती कोणीतरी न मोजता ठेवली. 'जास्त तेल म्हणजे जास्त मजबूत' हा समज मी अमरावतीपासून पुण्यापर्यंत ऐकलाय.

७. नळ्या सपाट काचेवर लोळवून बघितल्या. वाकलेली नळी काचेवर गोल फिरताना खाली उजेडाची फट उघडझाप करते. इथे तसं नव्हतं. नसता तो खर्च वाचला.

मग पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं शॉकअप ऑईल, मेजरिंग सिलिंडरने मोजून, दोन्ही पायांत सारखं. तेल अमरावतीहूनच नेलं होतं. मिस्त्रीने मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली आणि म्हणाला, "भाऊ, आता हेच माप ठेवतो." मला वाटतं त्या दोन दिवसांत झालेलं सगळ्यात मोठं काम ते. एक गाडी सुधारणं आणि एका गॅरेजात माप येणं यात फरक आहे. एकदा मोजायची सवय लागली की ती पुढच्या गाडीलाही लागते.

मामा हरिसालच्या दिशेने चक्कर मारून आले. बोलले काहीच नाहीत, नुसतं हात उघडमीट करून पाहिले. फेब्रुवारीत त्या दोन शाळांना तीनदा गेल्याचं मामींकडून कळलं.

तर मुद्दा असा. टेलिस्कोपिक शॉकअप ही निर्दोष रचना नाही, हे ती आणणाऱ्यांनाच ठाऊक होतं. ती टिकली कारण दोष सांभाळून घेता येतात. नळ्या समांतर ठेवा, सील स्वच्छ ठेवा, तेल योग्य आणि मोजून ठेवा. ह्या तीन गोष्टी पाळल्या तर सत्तर-ऐंशी वर्षांची जुनी रचना मेळघाटातही निभावून नेते. न पाळल्या तर ती आपोआप मागे जाते, आधी गर्डरच्या काळात, मग १९०१ च्या चिमट्यापर्यंत. आमच्या धंद्यात जुन्या सिस्टीमबद्दल रोज हेच बोलतो आम्ही. जुनी आहे म्हणून ती वाईट नसते, पण तिचे नियम माहीत असलेला माणूस जवळ लागतो.

आणि एक. पुढच्या वेळी कोणी हॅण्डल दोनदा दाबून "बराबर हाय" म्हणालं, तर वाद घालू नका. त्याला मागे बसवा आणि जवळच्या खराब रस्त्यावर एक चक्कर मारून आणा. वऱ्हाडात असा रस्ता शोधायला फार लांब जावं लागत नाही.

असो. या शनिवारी एवढंच.